कडी लावलेलं नाणं

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान मनोहरराव गोतमारे हे जगभरच्या सोन्याचांदीच्या जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार होते, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कोणाचं तसं मत असल्याचं मला आढळलं नाही. पण मनोहररावांना दुसऱ्याच्या मताची गरज कधी पडली नाही, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

ते नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोडाऊनमध्ये बुकिंग क्लार्क होते. कोणत्या ट्रकमध्ये काय चढलं, काय उतरलं ते बघायचं आणि मालाची बिल्टी फाडून सही करायची, एवढंच काम. पण देशाच्या चारी दिशांचे ट्रक नागपूरवरून जातात आणि बिल्टीवर सही झाल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे हलता येत नाही. या दोनच गोष्टींच्या जोरावर मनोहररावांनी आपलं जागतिक ज्ञान कमावलं. गोव्याकडून येणाऱ्यानं पोर्तुगिजांचं नाणं आणायचं, रक्सौलकडून येणाऱ्यानं नेपाळी मोहर, हैदराबादच्यानं चारमिनारचा रुपया. आणलं नाही तर साहेबांना सहीचं पेन सापडत नसे. माल उन्हात तापत पडे आणि हे टेबलाखाली वाकून पेन शोधत बसत.

लुधियान्याच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शेवटी कंटाळून पगडीतून एक चांदीचा रुपया काढून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. पहिल्यांदा ट्रकवर बसला तेव्हा आईनं दिलेला होता म्हणे. हा किस्सा मला मनोहररावांनीच सांगितला, आणि तो सांगताना त्यांना लाज वाटली नाही. नाण्यावरच्या पंचम जॉर्जच्या दाढीची छपाई किती स्वच्छ आहे, हेच ते मला दाखवत होते.

हा नाद त्यांना पासष्ट-सहासष्ट साली लागला. चार-पाच वर्षांत गांधीबागेजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक खोली नाण्यांची झाली आणि दुसऱ्या खोलीत माझी बहीण शामला, तिची मुलगी प्रेमलता आणि स्वयंपाक असे तिघं राहू लागले. नाणी ठेवायला लाकडी खणांची पेटी करून घेतली होती. खणांत मऊ मखमल हवी, म्हणून शामलाच्या लग्नातली जांभळी मखमली चोळी कापली. नाण्याला बोटांचा घाम लागू नये म्हणून पांढरे हातमोजे हवे होते, ते लग्नातल्या बँडवाल्याकडून मिळवले. रविवारी सकाळी हे गृहस्थ बनियनवर आणि त्या हातमोज्यांत बसून पाहुण्यांना नाणी दाखवत. पाहुण्यांनी आधी साबणानं हात धुवायचे, चहाचा कप पेटीपासून चार हात लांब ठेवायचा आणि नाण्यावर वाकलं की श्वास सोडायचा नाही.

दाखवणंही असं की ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. ऑस्ट्रियाच्या राणीबद्दल ते असं बोलत, जणू तिच्या हळदीला जाऊन आले आहेत. मेक्सिको, स्पेन, जर्मनी ही नावं ते बुटीबोरी-कळमेश्वर म्हणावं तशी सहज टाकत. आणि कोणी बिचाऱ्यानं हौसेनं नागपूरकर भोसल्यांचा रुपया पुढं केला तर तो हातातसुद्धा घेत नसत. "लोकल आहे," म्हणायचे. घरात अस्सल नागपुरी बोलणारा हा माणूस नाण्यांबद्दल बोलताना मात्र एकदम पुस्तकात शिरायचा आणि मग बाहेर यायचं नाव घेत नसे.

पुढं त्यांनी पाच-सहा जण गोळा करून 'नागपूर नाणे अभ्यास मंडळ' काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाले. मंडळाचं लेटरहेड मीच छापून दिलं. मी महालात एका छापखान्यात कंपोझिटर होतो. अध्यक्षांचं नाव मंडळाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात हवं, एवढी एकच सूचना होती.

माझ्या कामाचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे. अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवण्यात माझा जन्म गेला. इंग्रजी मला बोलता येत नाही, फारसं समजतही नाही, पण इंग्रजी अक्षर खरं आहे की कोणी नुसत्या रेघोट्या ओढल्या आहेत, हे मला एका नजरेत कळतं. उलटं असलं तरी कळतं.

मनोहररावांचं एक ब्रह्मवाक्य होतं. रामटेक-सावनेरकडच्या बाया तेव्हा इतवारीच्या बाजारात यायच्या, त्यांच्या गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा असायच्या. प्रत्येक रुपयाला वर डाक देऊन जोडलेली कडी. त्या माळा पाहिल्या की मनोहरराव भर रस्त्यात डोळे मिटून घेत. "कडी लावलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं," ते म्हणत. बायकांच्या अडाणी हौसेपायी या देशातली लाखो नाणी मेली, असं त्यांचं दुःख होतं. बायकोच्या दुखण्यानं त्यांना मी कधी इतकं कळवळलेलं पाहिलं नाही.

आणि या माणसाच्या घरात, शामलाच्या गळ्यात, आमच्या आईची पुतळ्यांची माळ होती.

आम्ही मूळचे रामटेकचे. आमची आई रुखमाबाई. पुतळी म्हणजे रुपयाहून लहान अशी सोन्याची पातळ चकती, वर बारीक कडी. अशा सोळा पुतळ्या रेशमी गोफात ओवलेल्या. प्रत्येक पुतळीच्या एका बाजूला दोन माणसं एकच काठी धरून असलेली, एक उभा आणि एक गुडघे टेकलेला. आई म्हणायची, उभे आहेत ते रामजी आणि गुडघे टेकले आहेत ते हनुमानजी. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या घेऱ्यात एकच मूर्ती, ती सीतामाई. सीतामाईला दाढी कशी, असं मी लहानपणी विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. मधली पुतळी इतरांपेक्षा थोडी झिजलेली होती. आई रोज आंघोळ झाली की ती एकटी डोळ्यांना लावायची.

ही माळ आमच्याकडे सुनेला जात नसे, लेकीला जायची. लेकीच्या लग्नाच्या दिवशी आईनं ती स्वतःच्या गळ्यातून काढायची आणि लेकीच्या गळ्यात घालायची. आईला तिच्या आईनं अशीच घातली होती. शामलाच्या लग्नात आईनं माळ काढली तेव्हा तिच्या मानेवर गोफाचा पांढरा पट्टा उमटलेला दिसला होता, तो मरेपर्यंत तसाच राहिला. शामलाला एकुलती एक प्रेमलता. म्हणजे माळेचं पुढचं घर ठरलेलं होतं, आणि प्रेमलता चार वर्षांची असल्यापासून शामलाच्या मांडीवर बसून त्या पुतळ्या मोजायची.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात मुंबईचा एक शेठ नागपूरला आला आणि सीताबर्डीच्या एका लॉजवर उतरला. हा गावोगाव फिरून जुनी नाणी विकायचा. त्यानं मनोहररावांना एक सोन्याचं नाणं दाखवलं. व्हेनिस नावाच्या शहराचा पाचशे वर्षांपूर्वीचा डुकाट, म्हणाला. असा नागपुरात एकाकडेही नाही, म्हणाला. या दुसऱ्या वाक्यानं मनोहरराव कामातून गेले.

शेठनं चार-आठ दिवस घरी ठेवून बघा म्हणून नाणं दिलं. शामलानं ते चोळीच्या मखमलीवर पाहिलं आणि सहज म्हणाली, की हे तर आपल्या पुतळीसारखंच आहे, हे बघा रामजी, हे हनुमानजी. मनोहरराव इतके हसले की शेजारीण डोकावून गेली. मग त्यांनी बायकोला समजावून सांगितलं, की बाई, तुमच्या सोनारांनी शेकडो वर्षं या डुकाटची नक्कल मारून पुतळ्या केल्या. ते उभे रामजी नाहीत, व्हेनिसचे संत आहेत. गुडघे टेकलेला तिथला राजा आहे. तुझ्या गळ्यात आहे ती नक्कल, आणि माझ्या हातात आहे ते अस्सल.

यातलं निम्मं खरं होतं, हे मला पुढं कळलं. या माणसाचं ज्ञान नेहमी निम्म्यावर थांबायचं, कारण तेवढ्यात दुसऱ्याला मूर्ख ठरवता येत असे.

डुकाट घ्यायला पैसे नव्हते. नक्कल मोडून अस्सल घ्यावं, असं मनोहररावांनी सुचवलं. शामला नाही म्हणाली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, ती पहिल्यांदाच नाही म्हणाली. तेव्हा मनोहररावांनी घरचं जेवण सोडलं. वाडीच्या ढाब्यावर पोटभर जेवून यायचे आणि घरी उपाशी माणसाचा चेहरा करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. चार दिवस असं झाल्यावर शेठचा निरोप आला की तो आता जबलपूरला निघाला. मग मनोहरराव माझ्याकडे आले.

आता माझं सांगतो. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू द्यायची पद्धत नाही. जावई घरी आला की म्हातारे बाजेवरून उठून बसतात, त्यानं वाटेल ते बोलावं, सासरच्यांनी मान डोलवावी. वडील गेल्यावर हा मान सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली होती आणि मी ती इमानानं सांभाळत होतो. या माणसाबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नव्हता. छापखान्यात मी त्याच्या नकला करून सगळ्यांना हसवायचो. पण तो दारात आला की पाट मांडायचो आणि जवाईबापू, जवाईबापू करत त्याच्यासमोर हात जोडून बसायचो.

मी शामलाकडे गेलो आणि म्हणालो, "देऊन टाक वं शामे. जवाईबापू पोरीच्या लग्नापर्यंत दुसरी करून देतो म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माळ काढून माझ्या हातात ठेवली आणि एवढंच सांगितलं, की मधली तेवढी मोडू नका, आई तिलेच हात जोडे. मी हो म्हणालो.

इतवारीत नत्थू सोनार आमच्या ओळखीचा होता. आईच्या माळेचा गोफ त्यानंच दोनदा बदलून दिला होता. त्या काळात सोन्याचे कायदे कडक होते, अनोळखी माणसाचं सोनं कोणी पटकन हातात घेत नसे, म्हणून मनोहररावांना मी सोबत हवा होतो. नत्थूनं गोफ कापला, पुतळ्या पाटावर मांडल्या आणि एकेक कसोटीवर घासली. मधली घासल्यावर तो थांबला. पुन्हा घासली. म्हणाला, बाकी पंधरा एका घरच्या आणि ही एक वेगळ्या घरची आहे, हिचा कस निराळाच आहे, असं सोनं आपल्या इकडच्या सोनाराच्या हातचं नाही. ही बाजूला ठेवा.

मी ती उचलून उजेडात धरली. आयुष्यात पहिल्यांदाच मी आईची पुतळी कंपोझिटरच्या डोळ्यांनी बघत होतो. कडेनं अक्षरं होती. झिजलेली होती, पण अक्षरं होती. एस, एम, व्ही मला ओळखू आले. बाकी पंधरा पुतळ्यांवर त्याच जागी नुसत्या उभ्या-आडव्या काड्या होत्या, वाचता न येणाऱ्या माणसानं बघून बघून काढाव्यात तशा.

मी म्हणालो, "जवाईबापू, हिच्यावर खरे अक्षरं आहेत. शामीनंही ही ठेवाले सांगितली."

मनोहररावांनी ती हातात घेतली नाही. कडीकडे बोट दाखवलं आणि नत्थूला ऐकू जाईल असं म्हणाले, "कडी लावलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. मेलेल्यावर काय लिहिलं आहे त्याचं आपल्याला काय करायचं?" शिवाय एक कमी पडली तर शेठची रक्कम पुरी होत नव्हती. ते मला म्हणाले की तुम्ही लग्नाच्या पत्रिका जुळवता तेच बरं, नाण्यांत पडू नका.

नत्थूनं माझ्याकडे बघितलं. माळ आमच्या घरची, शब्द मी दिलेला, पुतळी माझ्या हातात. मी ती मुठीत मिटून घराकडे चालू लागलो असतो तर मनोहररावांच्यात मला अडवायची हिंमत नव्हती. मी ती पाटावर ठेवली. नत्थूनं सोळा कड्या कातरून काढल्या आणि पुतळ्या वितळवायला मुशीत टाकल्या. मी तिथंच उभा होतो.

अशा रीतीनं व्हेनिस गांधीबागेत आलं. पेटीच्या मधल्या खणात त्याची स्थापना झाली. पहिल्या रविवारी मला मानानं बोलावलं, साबण दिला, मी हात धुतले, श्वास रोखून वाकलो. कडेनं अक्षरं नव्हती. काड्या होत्या. आईच्या त्या पंधरा पुतळ्यांवर होत्या तशाच, उलट थोड्या जास्तच वाकड्या. आणि वर, बरोबर कडी यायची त्या जागी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत सोन्याचा रंग जरा निराळा आणि गुळगुळीत होता.

मी ओळखलं आणि गप्प बसलो. या खेपेला जावयाचा मान म्हणून नाही. मला मजा वाटली. पुढची सहा वर्षं मी ही मजा एकट्यानं चाखली. दर दोन-चार रविवारी मी मुद्दाम जाऊन विचारायचो, की जवाईबापू, यावर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा ना. मग ते शेठनं लिहून दिलेला कागद समोर ठेवत आणि त्या काड्यांवरून हातमोज्याचं बोट फिरवत लॅटिन भाषा वाचत. स्वयंपाकाच्या खोलीत शामला माळेविना मोकळ्या गळ्यानं भाकरी थापत असायची. मी इकडे हसू दाबत असायचो. तिचं काय गेलं आहे आणि त्याच्या बदल्यात घरात काय आलं आहे, हे मला माहीत होतं आणि मी हसू दाबत होतो.

दुसरी माळ काही झाली नाही. शामलानं वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, आठवण करावी आणि मनोहररावांनी सोन्याचा भाव सांगावा. भाव वाढतच होता. नाणीही वाढत होती, पण त्या दोन गोष्टींचा संबंध लावलेला त्यांना आवडत नसे.

एकोणऐंशीच्या शेवटी प्रेमलताचं लग्न ठरलं, मुलगा सावनेरचा, कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला. लग्नाला दोन महिने असताना मंडळानं सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरवलं. पाहुणे म्हणून इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते. बारीक अंगाचे, खादीचा कोट घातलेले, हळू बोलणारे. मनोहररावांनी डुकाट काचेखाली एकटाच मांडला होता, खाली पुठ्ठ्यावर माहिती. ती मीच छापली होती, मोठ्या टायपात.

प्राध्यापकांनी काच काढायला सांगितली, खिशातून भिंग काढलं, नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं. मंडळाचे सभासद, दोन वार्ताहर आणि मी भोवती उभे होतो.

"ही पुतळी आहे," ते म्हणाले. "आपल्याकडचीच. चांगली आहे."

मनोहरराव म्हणाले की हा डुकाट आहे, मुंबईहून घेतला आहे. प्राध्यापकांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. अक्षरांच्या जागी काड्या दाखवल्या. वरची कडी काढून जागा कशी डाकानं बुजवली आहे ते दाखवलं. फार शांतपणे, वर्गात शिकवावं तसं. आणि मग माणूस चांगला असल्यामुळे त्यांनी दिलासा द्यायला जे सांगितलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, अस्सल डुकाट आपल्या भागातही सापडतात. कुठं, तर जुन्या पुतळ्यांच्या माळेत. पूर्वी व्यापारातून एखादा डुकाट घरात आला की सोनार तो मध्ये ठेवायचा आणि त्याच्याकडे बघून बाकीच्या पुतळ्या करायचा. मधली असते ती पुष्कळदा खरी असते. कडी असते तिला, पण त्यानं काय बिघडलं, कडी म्हणजे ते नाणं इथं नांदल्याची खूण. तुमच्या घरात कोणाकडे जुनी माळ असली तर मधली जपून ठेवा.

मनोहरराव माझ्याकडे बघू लागले. सहा वर्षं जी वेळ यावी म्हणून मी वाट बघत होतो ती हीच, आणि मला हसू आलं नाही.

माणूस थोर असता तर त्या दिवशी घरी जाऊन बायकोसमोर खाली मान घालून बसला असता. मनोहररावांनी घरी गेल्या गेल्या शामलालाच विचारलं, की काहून वं, तुले माहीत नव्हतं का मधली खरी आहे म्हणून, सांगता आलं नाही का तुले. मी दाराशीच होतो. शामलानं हातातलं पीठ झटकलं, पदराला हात पुसले आणि प्राध्यापक नेमकं काय म्हणाले ते मला विचारलं. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा भाकरीला बसली. मनोहररावांनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिळ्याला टांगली. त्यानंतर पेटीकडे ते फिरकले नाहीत. मंडळाचं अध्यक्षपद मात्र सोडलं नाही.

लग्न फेब्रुवारीत होतं. पत्रिका मीच जुळवली. लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयातल्या वधूच्या खोलीत मी मामा म्हणून काही द्यायला गेलो, तेव्हा मनोहररावही तिथं होते. प्रेमलता शालू नेसून पाटावर बसली होती. शामलानं स्वतःच्या गळ्यातून काळ्या मण्यांचा एक सर काढला. सराच्या मध्ये एक पुतळी होती, नवी चकचकीत कडी लावलेली. तिनं ती आधी डोळ्यांना लावली, मग लेकीच्या गळ्यात घातली आणि मागं गाठ मारली. प्रेमलतानं पुतळी हातात घेऊन पाहिली, नकळत 'एक' म्हणाली आणि थांबली. लहानपणी ती इथून पुढं सोळापर्यंत मोजत असे.

मनोहररावांनी पुतळी ओळखली. पेटीच्या मधल्या खणातली होती. त्यांचा आवाज चढला. विचारल्याशिवाय हात कसा लावला, त्याला कडी कशी लावली, निदान सोन्याचं जुनं काम म्हणून तरी त्याची किंमत होती, असं काहीबाही ते बोलत राहिले. दोन-चार बाया दारात जमल्या. शामलानं त्यांना बोलू दिलं.

मग म्हणाली, "कडी लावलेलं नाणं मेलेलं असते म्हणता ना तुम्ही? मंग मेलं समजा, अन् जा तिकडं. हे माह्या पोरीच्या गळ्यात जगीन."

मनोहरराव बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी उरलेला वेळ मांडवाच्या एका खुर्चीवर बसून काढला आणि व्याह्यांना ऑस्ट्रियाच्या राणीबद्दल सांगितलं.

मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्या माणसाला त्याची जागा दाखवली, म्हणून मी शामलाजवळ गेलो आणि म्हणालो की बरं केलंस, असल्या माणसाले असंच पायजे. आणखीही बोलणार होतो. पण ती माझ्याकडे, मी माळ मागायला गेलो होतो त्या दिवशी बघत होती तशीच बघू लागली.

कडी नत्थूनं लावली, ती म्हणाली. डाक काढताना त्यानं मले सारं सांगतलं. मधली तुह्या हातात होती म्हणे. अक्षरंही तूच ओळखले म्हणे.



"हे तं आंधळेच होते, भाऊ," ती म्हणाली. "तुले तं दिसत होतं."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती लेकीच्या गळ्यातला सर नीट करत करत बोलली, आणि मग मला बाजूला व्हायला सांगून हळदीकुंकवाचं ताट उचललं. बाहेर बँड वाजायला लागला होता. वरात आली होती. नव्या जावयाला हाताला धरून मांडवात आणायचं काम मामाचं, म्हणून मला शोधायला माणसं आली, आणि मी टोपी सारखी करून बाहेर गेलो.